ताण तोडायची वेळ

संत्र्याच्या झाडाला ताण देण्यात माझा मोठा भाऊ रवींद्र पटाईत होता, आणि सगळा घोटाळा तिथूनच झाला.

ज्यांनी बाग केली नाही त्यांना ताण म्हणजे काय ते सांगायला हवं. डिसेंबर लागला की झाडाचं पाणी तोडायचं. पानं पिवळी पडतात, गळतात, झाड हिरमुसून उभं राहतं. नवख्या माणसाला वाटतं, मेलं. मग संक्रांतीच्या सुमाराला पाणी सोडलं की तेच झाड खडबडून जागं होतं आणि फुलांनी लदबदून जातं. त्याला आंबिया बहार म्हणतात. ताण कमी पडला तर नुसती पानं येतात. जास्त झाला तर झाड हातचं जातं. ताण तोडायची, म्हणजे पुन्हा पाणी सोडायची, नेमकी वेळ दादाला कळायची, आणि आजूबाजूचे बागवाले त्याला विचारून मोटरी सुरू करायचे. माझं पांढुर्ण्यात मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. बागेची हौस मला कधीच नव्हती, त्यामुळे तिगावच्या रस्त्यावरचं शेत दादाकडे राहिलं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

आमचे वडील बापूजी ऐन तरुणपणी प्रभूत आले, म्हणजे ख्रिस्ती झाले. आमच्या भागात विश्वासी घरं हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच. रविवारी त्यातली बरीचशी माणसं दादाच्या शेतातल्या घरी जमतात. सौसरहून गुलाबभाऊ येतात, तेच आमचे पाळक. साधा माणूस, डोक्याला ताप नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की देवाला जे सांगायचं होतं ते त्यानं शास्त्रात सांगून ठेवलं आहे, ते वाचा आणि सरळ वागा. मला ते पटायचं. दादाला नाही.

"मंग तो आता मुका झाला का?" दादा विचारायचा. "मोशाशी बोलला, शमुवेलाशी बोलला, आन् आपल्याशी बोलाले त्याले लाज वाटते का?"

दादाच्या डोक्यात हे भरवलं त्याच्याच मुलीनं, तिचा काही दोष नसताना. ऋतुजा पाच वर्षांची होती तेव्हा एका सकाळी सुधावहिनी तिला घेऊन सौसरच्या बाजाराला निघाली होती. जीप दारात उभी. पोरीनं उंबरठा धरून ठेवला आणि भोकाड पसरलं. "देव नाही म्हणते, देव नको जाऊ म्हणते." वहिनी वैतागून थांबली. ती जीप पुढे पुलाजवळ उलटली, दोघीतिघींचे हातपाय मोडले. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या विश्वासी घरांत पोचली.

मग काय विचारता! कोणी बोअर कुठे मारू म्हणून यायचं, कोणी पोराला इंदूरला पाठवू का म्हणून. जामसांवलीच्या देवस्थानात लोक जसे अंगात आलेल्या बाईसमोर प्रश्न घेऊन बसतात, तसे हे एका बालवाडीतल्या पोरीसमोर बसायचे. मी म्हणालो, "अरे, तेच सोडून आलो ना आपण?" कोणाला ते आवडलं नाही. वहिनी मात्र खमकी होती. "तिले होमवर्क आहे," म्हणून ती सगळ्यांना पिटाळून लावायची. हळूहळू लोक यायचे थांबले. ऋतुजाही मोठी झाली, देव काय म्हणतो ते सांगेनाशी झाली.

मग मागच्या पोळ्याच्या सुमाराला वहिनीला ताप भरला. मी म्हणालो, नागपूरला ने. दादा म्हणाला, विचारतो. विचारतो म्हणजे डॉक्टरला नाही. त्यानं ऋतुजाला समोर बसवलं आणि विचारलं, "आईले नेऊ का नको? काय म्हणते तो?" पोरगी म्हणाली, "पप्पा, मले काहीच ऐकू नाही येऊन राहिलं." दादानं वाट पाहिली. आज बोलेल, उद्या बोलेल. शेवटी वहिनी माणसं ओळखेनाशी झाली तेव्हा गाडी काढली, तर तो गोटमारीचा दिवस, नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड मारायची ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची जत्रा. सावरगावच्या बाजूनं रस्ते बंद, पांढुर्ण्यात माणसांचा महापूर. गाडी गर्दीत अडकली आणि वहिनी गाडीतच गेली.

दादा रडला नाही. तो एकच वाक्य म्हणत राहिला. "त्यानं सांगतलं असतं तं मी नेलं असतं."

त्याला माझ्या तोंडून काय ऐकायचं होतं ते मला ठाऊक होतं. त्याची चूक नाही, देवाची इच्छा होती, असं. मी ते म्हणालो नाही. मला त्याचा राग आला होता, अजूनही येतो.

नाताळच्या आधीच्या रविवारी गुलाबभाऊंनी प्रवचनात दादाच्याच बागेचा दाखला दिला. बिचाऱ्यांना वाटलं असेल, दुःखातल्या माणसाला धीर द्यावा. "तुम्ही झाडाले ताण देता ना? झाडाले वाटते, मालक आपल्याले विसरला. पण मालकाच्या मनात बहार असते. देव बोलत नाही म्हणजे तो नाही असं नाही. धीर धरा." सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं. दादा म्हणाला नाही. तो उघड्या दारातून बागेकडे पाहत होता.

प्रार्थना आटोपल्यावर तो मला बाजूला घेऊन गेला.

"आपण सदा पाणी पेलेले झाडं आहोत, अनिल. आपल्याले फूल कुठून येईन? बापूजी उपास करत होते, तं त्याईले स्वप्नं पडत होते. आपण काय करतो? खाऊन-पिऊन आमेन म्हणतो."

"दादा, तो दाखला होता," मी म्हणालो. "धीर धरा, एवढाच त्याचा मतलब. तुले काय देवाची बाग लावाची आहे?"

"तुले नाही समजत," तो म्हणाला. "तू मोटरा दुरुस्त कर."

मीही तोंडाळ आहे, मीही ऐकून घेतलं नाही. वहिनीला न्यायला उशीर केला तो कोणाला विचारून केला, असं मी म्हणून गेलो. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. मी रविवारचंही जाणं सोडलं. म्हटलं, बसू दे याला ताण देत.

संक्रांत झाली. पांढुर्ण्याच्या आसपासच्या बागांत मोटरी सुरू झाल्या. दुकानात जळालेल्या मोटरींची रांग लागली, मला मान वर करायला फुरसत नव्हती. एक बागवाला सहज बोलून गेला, "तुमच्या भावानं अजून पाणी नाही सोडलं बाप्पा. यंदा काही वेगळं करून राहिला का?" मी हसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी बायको अमिता शाळेतून तडक दुकानात आली. ती शिकवते त्याच शाळेत ऋतुजा चौथीला आहे. "ऋतुजा तीन दिवस झाले, शाळेतच नाही आली," ती म्हणाली. "तिची मैत्रीण काल तिच्या घरी गेली होती, तिनं आज सांगतलं, ऋतुजा उपास करते म्हणून. पाणी पण नाही पेत म्हणे. मैत्रिणीनं काहून नाही पेत विचारलं, तं ऋतुजा म्हणाली, आमच्या घरी ताण आहे."

मी दादाला फोन लावला. बेल वाजत राहिली, उचलला नाही. मी दुकानाचं शटरही न ओढता गाडीला किक मारली.

वाटेतल्या सगळ्या बागा ओल्या होत्या. ठिबकच्या नळ्या टपटपत होत्या, मातीचा गार वास येत होता. दादाच्या बांधापाशी तो वास एकदम तुटला. झाडांच्या फांद्या उघड्या पडल्या होत्या. उरलीसुरली पानं वळून काड्यांसारखी झाली होती. विहिरीजवळ स्टार्टरची पेटी उघडी होती आणि आतले फ्यूज काढून नेलेले होते. वीज नव्हती म्हणून नाही, मोटर बिघडली म्हणूनही नाही. कोणी चुकूनही पाणी सोडू नये म्हणून काढले होते.

घरासमोर मात्र एक झाड पांढरंशुभ्र फुललं होतं. पाण्याचा थेंब नसताना. त्याचा गोड वास अंगणभर दाटला होता. लहानपणी असंच एक झाड फुललेलं पाहून मी टाळ्या पिटल्या होत्या, तेव्हा बापूजींनी मला जवळ घेतलं होतं. "हे बहार नाही पोरा," ते म्हणाले होते. "हे झाड जाऊन राहिलं. जाता जाता जे आहे ते सगळं बाहेर काढून राहिलं."

दादा ओसरीवरच होता. ओठ फुटलेले, दाढी वाढलेली, डोळे मात्र लखलखत होते. मला पाहून तो हसला. वहिनी गेल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

"आला तू! बोलून राहिली रे अनिल! सकाळपासून बोलून राहिली. बहार आली पोरीले!"

मी त्याला ढकलून आत गेलो. ऋतुजा खाटेवर पडली होती. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी, गालाची कातडी ओढल्यासारखी. फोन कोणी का उचलत नव्हतं ते तिथे कळलं. फोन उशीवर, तिच्या तोंडापाशी ठेवलेला होता, आणि रेकॉर्डिंग सुरू होतं.

ती पुटपुटत होती. मी कान लावला. "सात सक बेचाळीस. सात सत्ते... आई, लाईट बंद नको करू. सात सत्ते..."

"बेचाळीस," दादा मागून कुजबुजला. "तीनदा म्हणली. सात आन् बेचाळीस. याचा अर्थ लागंन. मी सगळं भरून ठेवून राहिलो."

"हा पाढा आहे, दादा! पोरगी मरून राहिली!"

मी तिला उचलायला वाकलो, तर तो दारात जाऊन उभा राहिला. दोन्ही हात चौकटीला लावून. त्याला राग आला नव्हता, हीच भीतीची गोष्ट होती. मुलाला शेतीतलं काही समजावावं तसा तो मला समजावत होता.

"आता पाणी देशीन तं फूल गळंन. माहीत आहे ना तुले? आता कुठं तो बोलाले लागला. मले फक्त सुधाचं विचाराचं आहे. काहून नेली, एवढंच. मंग मी सोतः पाणी पाजतो तिले. मी पण नाही पेलो रे. मी काय तिले एकटीले ताणावर ठेवलं का?"

मी त्याला मारू शकलो असतो. तो माझ्यापेक्षा दांडगा आहे, पण उपाशी होता. मी मारलं असतं, तो परत उठला असता, आणि आमच्या झटापटीत पोरगी तिथेच पडून राहिली असती. शास्त्र सांगावं तर ते त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ. डॉक्टरचं नाव काढावं तर तो ऐकणार नाही. तो फक्त एकाचंच ऐकणार होता.

"दादा," मी म्हणालो, "मी आज इथं कसा आलो ते विचार."

"कसा?"

"त्यानं पाठवलं."

त्याचे हात चौकटीवरून खाली आले.

"दुकानात बसून होतो," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. "हातात मोटर होती. तो म्हणाला, अनिल, ऊठ. रवींद्रले जाऊन सांग, ताण तोडाची वेळ झाली. बागेचा आन् पोरीचा. आत्ताच."

"तुझं नाव घेऊन म्हणला?"

"नाव घेऊन."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग गुडघ्यांवर कोसळला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "बोलला," तो म्हणत होता, "बोलला, बोलला." रडत रडतच उठला, देवळीतून फ्यूज काढले आणि विहिरीकडे धावत सुटला.

मी चमच्यानं ऋतुजाच्या ओठांवर पाणी सोडलं. पहिले काही थेंब कडेनं वाहून गेले, मग तिनं गिळलं. वहिनीच्या जुन्या शालीनं मी तिला छातीशी बांधलं आणि गाडी सुरू केली. मागे मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. त्या आवाजावर माझं पोट चालतं, पण त्या दिवशी तो ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

दवाखान्यात लगेच सलाईन लावलं. डॉक्टरीण बाई चिडल्या होत्या. "हे कसं झालं?" त्यांनी विचारलं. "जुलाब," मी म्हणालो. दादाला पोलिसांत कसा देऊ? त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाल्या, उद्या आणलं असतं तर मला काही करता आलं नसतं. अमिता रात्रभर तिच्याजवळ बसली. सकाळी पोरीला लघवी झाली, तेव्हा अमिता मोठ्यानं रडली. मीही रडलो.

दुपारी बाहेर आलो तर व्हरांड्यात रविवारची माणसं उभी. दादानं सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं. कालपर्यंत मला टोमणे मारणारे आज हात जोडून उभे होते. एक म्हातारी पुढे आली आणि म्हणाली, "अनिलभाऊ, माह्या पोरीच्या सोयरिकीचं तेवढं विचारान का?" मी तिथून सटकलो. गुलाबभाऊंचा सौसरहून फोन आला. "अनिल, लोक काय म्हणून राहिले ते खरं आहे का?" मी म्हणालो, आवाज कटून राहिला, आणि फोन ठेवला. आयुष्यभर ज्या गोष्टीची मी टिंगल केली, तीच आता माझ्या नावावर लागली होती.

खोलीत आलो तर ऋतुजा जागी होती. अमिता चहा आणायला गेली होती. मी तिच्या केसांवरून हात फिरवला.

"काका," ती हळूच म्हणाली, "एक सांगू? पप्पाले नका सांगू."

"सांग."

"लहानपणी जीपच्या टायमाले देव नव्हता बोलला. मले बाजारात नव्हतं जाच. माही बाहुली घरी होती. म्हणून मी तसं म्हणली."

मी तिचा हात धरून ठेवला. चार वर्षं हे एवढंसं पोर ते ओझं घेऊन हिंडत होतं. तिच्या आईच्या मरणाच्या वेळीही ते तिच्या उरावर होतं.

"काही हरकत नाही बेटा. लहान होती तू."

"पण या टायमाले बोलला," ती म्हणाली.

मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"खरंच काका. मी झोपली नव्हती. मले ऐकू आलं. तो म्हणला, ऋतुजा, पाणी पे. मी पप्पाले सांगतलं. देव म्हणते, पाणी पे. तं पप्पा म्हणाले, हा देव नाही, हा सैतान आहे, तुले भुलवून राहिला. मी ग्लास उचलला होता, तो पप्पानं घेतला." ती माझ्याकडे वळली. "काका, तुमाले पण त्यानं तेच सांगतलं ना? पाणी द्या म्हणून? मंग माहं खरं होतं ना?"

दाराशी सावली पडली. दादा उभा होता. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, हात जोडून. त्यानं किती ऐकलं होतं कोण जाणे. शेवटचं नक्की ऐकलं होतं. तोही माझ्या उत्तराची वाट पाहत होता.

नाही म्हटलं असतं, तर पोरगी तिच्या बापासमोर पुन्हा खोटी ठरली असती. आणि ताण कोणी तोडायला सांगितलाच नव्हता, हे दादाला कळलं असतं. मग घरी गेल्यावर त्यानं काय केलं असतं, याचा मला विचारही करवत नव्हता.

"हो बेटा," मी म्हणालो. "तेच सांगतलं."

ऋतुजानं डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावरचा सगळा शीण उतरला आणि ती लगेच झोपली. मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं, हे मी नाकारत नाही.

दादा आत आला. त्यानं मुलीकडे पाहिलं नाही. माझ्या खुर्चीसमोर, जमिनीवर, तो मांडी घालून बसला. मोठा भाऊ धाकट्याच्या पायाशी. पाच वर्षांच्या ऋतुजासमोर लोक जसे बसायचे, तसा.

"मी चुकलो अनिल," तो म्हणाला. "पोरीले नव्हतंच ते. तुले होतं. एवढे दिवस मी चुकीच्या झाडाले ताण दिला."

"दादा, ऊठ. घरी जा. काहीतरी खा."

"खातो. तू सांगशीन तसं करतो. पण पयले ते सांग. सुधाले काहून नेली त्यानं? मी उशीर केला म्हणून नेली, का त्याच्या मनात होतं म्हणून नेली?"

"मले नाही माहीत."

"विचार ना मंग."

त्याच्या डोळ्यांत कालचंच तेज होतं. बाहेर व्हरांड्यात लोकांची कुजबुज चालली होती, तीही थांबली. माझ्या तोंडाला कोरड पडली. टेबलावर पाण्याची बाटली होती, ती मी उचलली.

दादानं माझं मनगट धरलं. जोरात नाही, मायेनंच.

"थांब," तो म्हणाला. "पयले सांग."